दुसऱ्याच्या वाटची फेरी

मंगेशची एक सवय शेवंताबाई कोंढाळकरांना मुळीच खपत नसे. पुण्याहून आला की तो आधी गाडी वळवून तिचं तोंड परतीच्या वाटेला लावायचा, आणि मग आईच्या पाया पडायचा. "पोरगं पाया पडतंय का पळायच्या तयारीत वाकतंय, तेच कळत नाय," असं त्या शेजारणीला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणत. दिवाळीला आला तरी तसंच, बापाच्या वर्षश्राद्धाला आला तरी तसंच. बायको गेली तेव्हा पोरीला घेऊन आठ दिवसांसाठी म्हणून आला, तेव्हाही गाडीचं तोंड खाली घाटाकडंच होतं, आणि तिसऱ्या दिवशी ती निघालीसुद्धा.

वेल्ह्याच्या डोंगरातलं वाघघोळ हे शेवंताबाईंचं गाव. शाळा दुसरीपर्यंत. सही येते, शंभरपर्यंत आकडे वाचता येतात, आणि त्यापुढचं जग आपल्या जिभेच्या जोरावर निभतं असं त्यांचं मत. गावात तंटा झाला तर माणसं सरपंचाआधी त्यांच्या ओट्यावर येत. घोळजाई देवीच्या राईची राखणही त्यांच्याच घराकडं. राईत चप्पल चालत नाही, मोठ्यानं बोलणं चालत नाही, वाळकी काडीसुद्धा घरी नेणं चालत नाही. एकदा वनखात्याचा साहेब बूट घालून आत शिरला होता. शेवंताबाईंनी त्याला इतकं गोड बोलून बाहेर काढलं, की तो गावाबाहेर पडेपर्यंत आपला अपमान झालाय हे त्याला कळलं नाही.

चैत्रात मंगेश आला तो हातात काडेपेटीएवढी डबी घेऊन. आत हिरवट रंगाचा पट्टा होता, घड्याळासारखा.

"आई, हा रानपट्टा. ओवीचा आहे."

ओवी म्हणजे त्याची एकुलती मुलगी, सोळा वर्षांची, अकरावी संपवून बारावीत जाणारी. आई गेल्यापासून पोर मिटली होती. मनाच्या डॉक्टरांची गोळी चालू होती.

"पोरीचा पट्टा इथं कशाला? पोरगी कुठंय?"

"क्लास आहे तिला. ऐक तर खरं."

मग त्यानं समजावून सांगितलं, आणि सांगण्यात तो हुशारच होता. झाडं किडीपासून जीव वाचवायला पानांतून, सालीतून बारीक तेलं हवेत सोडतात. ती माणसाच्या श्वासात गेली की अंगातला ताणाचा रस उतरतो, रक्ताचा दाब उतरतो, आजाराशी झुंजणाऱ्या पेशी वाढतात. ओल्या मातीतले सूक्ष्म जीव कातडीला, नाकाला लागतात, त्यांचाही काही गुण मेंदूपर्यंत पोचत असावा. पानांतून हलणारं ऊन, पाखरांचा आवाज, यांनी दमलेलं डोकं विसावतं. हे सगळं जाणकारांना बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होतं. नवीन एवढंच होतं, की आता ते मोजता येत होतं. पट्टा घामाचा थेंब तपासायचा, नाडी ऐकायचा, कातडीवर बसलेली झाडाची तेलं ओळखायचा आणि सांगायचा, या माणसाच्या अंगी आज किती रान लागलं. त्या मापाला लोक रानतास म्हणत. डॉक्टर आता गोळ्यांसारखे रानतास लिहून देत, आठवड्याला पाच, आठवड्याला आठ. शाळा मागत, विमावाले मागत. नुसत्या गॅलरीतल्या कुंड्यांनी पट्टा फसत नसे.

"म्हंजे आम्ही अडाणी इतकी वर्षं जे फुकट घेत होतो, त्याची तुम्ही पुडी बांधली," शेवंताबाई म्हणाल्या.

"तसंच समज. पण पुण्यात बागेत जायला महिनाभर आधी नाव लावावं लागतं, आणि आत गेलं तर जत्रा. ओवीच्या प्रवेशपरीक्षेचं वर्ष आहे. रानतास भरले नाहीत तर कॉलेज परीक्षेला बसू देणार नाही. तू रोज पहाटे राईत जातेसच. हा फक्त हातावर ठेवायचा."

"आणि पट्ट्याला कळत नाय व्हय, सोळा वर्षांची पोर की सत्तरीची म्हातारी?"

"पहिले सात दिवस ज्याच्या हातावर असतो, त्याच्या काळजाचा ठोका तो शिकून घेतो. पुढं तोच ठोका म्हणजे ओवी."

लबाडी शेवंताबाईंना चालत नसे. पण मंगेश त्यांच्याच पोटचा, कुठली नस दाबायची ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

"आई, मला टायफॉईड झाला होता तेव्हा तू फेरी घातली होतीस ना?"

घातली होती. वाघघोळची तशी रीतच होती. ज्याला चालवत नाही त्याच्या अंगावरचं फडकं घरच्या माणसानं दंडाला बांधायचं आणि राईला अनवाणी, मुक्यानं पाच फेऱ्या घालायच्या. पाय आपले, पुण्य त्याचं. याला दुसऱ्याच्या वाटची फेरी म्हणत. मंगेश सहा वर्षांचा असताना त्याचा सदरा दंडाला बांधून शेवंताबाई अकरा दिवस फिरल्या होत्या आणि पोर उठून बसलं होतं. वेल्ह्याच्या डॉक्टरांची सुई रोज चालू होती, पण ती गोष्ट सांगताना त्या सुईवर फार वेळ घालवत नसत.

"ही पण फेरीच आहे, आई. ओवीच्या वाटची."

शेवंताबाईंनी हात पुढं केला.

सात दिवस पट्टा शिकला. आठव्या दिवशी पहाटे राईच्या तोंडाशी तो बारीक आवाजात बोलला, "नमस्कार, ओवी. आज छान आहेस." शेवंताबाई दचकल्या, मग हसल्या. फडकं काही बोलत नसे. पट्टा बोलतो हे बरं होतं, देवीकडून पोचपावतीच मिळाली म्हणायची.

त्यानंतर त्या आणखी नेमानं जाऊ लागल्या. उंच नाणा वृक्षाखाली टेकायचं, बेहड्याला वळसा घालायचा, गारंबीचा अजस्र वेल झाडांवरून झोके घेत गेलाय त्याच्याखालून वाकून पलीकडं जायचं. मनात एकच, पोरीला सुख लागू दे. पट्ट्यावर रोज आकडा उमटे, आणि तोच पुण्यात मंगेशच्या नि डॉक्टरांच्या फोनवर जाई. मनाची उभारी शंभरात एक्याऐंशी. मग सत्त्याऐंशी. श्रावण सरता सरता ब्याण्णव. शेवंताबाईंनी तो आकडा गिरणीत सांगितला, पाणवठ्यावर सांगितला. "आमची ओवी ब्याण्णववर आलीय. पुण्याच्या डॉक्टरणीला वर्षात जमलं नाय ते." मंगेशचा फोन येई, तोही खुशीत. "आई, डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. आकडे फारच चांगले आहेत म्हणाल्या." पुढल्या महिन्यात गोळी बंदच झाली.

आकडे कुणाचे, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण रोज रोज एखादी गोष्ट ऐकली की ती कुठून निघाली हे माणूस विसरतं. मंगेश घरी ओवीला जेवताना पाही, ताटात अन्न तसंच पडलेलं दिसे, आणि मग फोनवरचा ब्याण्णव बघून त्याच्या जिवाला बरं वाटे. वयच असतं, असं तो मनाशी म्हणे.

भादव्यात एका दुपारी ओवीचाच फोन आला. तिचा फोन येणं म्हणजे नवलच.

"आजी, काय करतेस?"

"नाचणीतलं गवत काढतेय, जरा टेकले. तू बोल, कॉलेज नाय का?"

"आहे. गेले नाही." मग हळूच, "आजी, मला काही बरं वाटत नाही. सकाळी उठावंसंच वाटत नाही. सगळं लांब लांब वाटतं."

शेवंताबाईंनी मनगट उलटं करून बघितलं.

"काय तरीच. पट्टा तर ब्याण्णव सांगतोय की. ठणठणीत आहेस तू."

ओवी म्हणाली, "हो का? मग बरीच असेन मी."

तिनं फोन ठेवला. शेवंताबाईंना क्षणभर काहीतरी टोचलं, पायात काटा मोडावा तसं. पण गवत अर्धं राहिलं होतं.

भादव्याच्या शेवटी, नवरात्राच्या आधल्या दिवशी, मंगेशचा फोन आला तो रडतच. ओवी कॉलेजला म्हणून सकाळी निघाली आणि पोचलीच नाही. शेवटी दुपारी तीनला स्वारगेटच्या एसटी स्टँडवर सापडली. वेल्ह्याची गाडी जिथं लागते त्या फलाटाच्या बाकावर ती सात तास बसून होती. समोरून चार गाड्या लागल्या आणि सुटल्या. मुठीत तिकिटाचे पैसे होते. उठून पायरी चढायचं तेवढं बळ तिला गोळा करता आलं नव्हतं.

मिळेल त्या जीपनं आणि एसटीनं शेवंताबाई पुण्याला पोचल्या, तेव्हा पोर दवाखान्यात होती. गादीवर नुसती चादरच पसरली आहे असं वाटावं, इतकी झडलेली. वजन सदतीस किलो. रक्त कमी, नाडी मंद. शेवंताबाई उशाशी उभ्या राहिल्या. ओवीनं डोळे उघडले, आजीला पाहिलं, आणि परत मिटले.

मंगेशनं त्यांना दाराबाहेर नेलं.

"आई, पट्टा आहे ना हातावर? काढ, माझ्याकडं दे. डॉक्टर विचारतील. बिघडला होता म्हणून सांगायचं. दुसरं काही बोलू नकोस."

"का रं?"

"खोटे रानतास दाखवणं गुन्हा आहे आता. माझी नोकरी जाईल. आणि आता सांगून ओवीला काय फायदा? आता उपचार होतायतच ना?"

शेवंताबाईंनी बांगड्यांखालून पट्टा ओढून काढला. मनगटावर पांढरा वळ होता.

डॉक्टर नसरीन मुल्ला चाळिशीच्या, शांत बोलणाऱ्या बाई होत्या. गोळी निम्मी करणाऱ्या आणि बंद करणाऱ्या त्याच. त्यांनी मंगेशकडून पट्टा घेतला आणि ओवीच्या हाताला बांधला. तो घसरत कोपरापर्यंत गेला, परत मनगटाशी ओढून धरावा लागला. पट्ट्यानं थोडा वेळ नाडी ऐकली.

"ही व्यक्ती ओवी कोंढाळकर नाही. कृपया पट्टा मूळ व्यक्तीला द्या."

ओवी हसली. कोरडा, खरखरीत आवाज होता तो. "बघा ना," ती म्हणाली, "मी नाहीच."

"बिघडलाय," मंगेश घाईनं म्हणाला. "मागं पण एकदा असं..."

"ठीक आहे, पाठवू दुरुस्तीला." डॉक्टरांनी पट्टा सोडवला. "पण मंगेशराव, मला आत्ता एक ठरवायचंय. सहा महिन्यांचे हे आकडे खरे धरायचे का खोटे? खरे असतील, तर ही गोळी बंद करूनही चांगली होती आणि अचानक कोसळली. मग मला शरीरात दुसरं काहीतरी शोधावं लागेल, मेंदूचं, ग्रंथींचं, पाठीतलं पाणी काढून तपासावं लागेल. खोटे असतील, तर ही सहा महिने सलग बुडत होती आणि मी तिची गोळी काढून घेतली. दोन्हीचे उपचार वेगळे आहेत."

मंगेश पट्ट्याकडं बघत राहिला. "शेवटी शेवटी बिघडला असेल," तो म्हणाला. "आधीचे खरे असतील."

शेवंताबाईंनी पदर खोचला.

"इकडं द्या तो, डॉक्टरीणबाई."

"आई," मंगेश म्हणाला.

त्यांनी पट्टा घेतला आणि त्या पांढऱ्या वळावर बरोबर बसवला. पट्ट्याचा दिवा हिरवा झाला.

"नमस्कार, ओवी. आज खूप ताण दिसतोय. पाच मिनिटं शांत श्वास घे."

"बघितलंत?" शेवंताबाई म्हणाल्या. "नाव तिचं, काळीज माझं. सहा महिन्यांत हा एक दिवससुद्धा पोरीच्या हाताला लागला नव्हता. त्यात तिचं काहीच नाय. सगळं खोटं धरा, पहिल्या दिवसापासनं. त्या पोरीच्या पाठीला सुई लावू नका." मग त्या ओवीकडं वळल्या. "आणि तू मला फोनवर सांगितलंस ते खरं होतं. मी तुझं ऐकायचं सोडून ह्या पट्ट्याचं ऐकलं."

ओवी आजीकडं बघत होती. डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर उतरत होतं. बऱ्याच दिवसांनी ती कुणाकडं तरी बघत होती.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "मीही ऐकलं नाही, आजी. दर महिन्याला पडद्यावर भेटायची ही. बरं नाही म्हणायची. आकडा चांगला म्हणून मी दोन मिनिटांत उठायचे." गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू झाली. थोडी ताकद आल्यावर रानात नेलंत तर चांगलंच, असं त्या म्हणाल्या. "पण गोळी सोडून नव्हे. रान औषधाच्या जोडीला असतं, जागेवर नसतं. आणि तिच्या स्वतःच्या पायांनी."

पंधरा दिवसांनी शेवंताबाई नातीला वाघघोळला घेऊन आल्या. मंगेशची चौकशी लागली होती, नोकरीवरून घरी बसवलं होतं. त्यानं आईशी बोलणं टाकलं होतं. आईनंही विनवलं नाही.

पहिले आठ दिवस ओवी ओट्यावर नुसती बसून असे. शेवंताबाई तिला चल म्हणाल्या नाहीत. हे त्यांना किती जड गेलं, ते त्यांचं त्यांनाच माहीत, कारण आयुष्यात त्यांनी कुणाला 'चल' म्हटल्याशिवाय सोडलं नव्हतं. गोळी वेळेवर द्यायच्या, नाचणीची पेज पुढं ठेवायच्या आणि पहाटे एकट्याच राईला जायच्या. नवव्या दिवशी राईच्या तोंडाशी पोचल्या तर मागं पावलं वाजली.

"चप्पल काढायची का?" ओवीनं विचारलं.

"काढायची."

आत गेल्यावर ती गारंबीच्या वेलावर टेकली. वरून पानांतलं ऊन तिच्या अंगावर हलत होतं. खूप वेळानं म्हणाली, "आजी, इथलं काहीच न्यायचं नाही?"

"नाय."

"कुणीच काही नेत नाही?"

"तुझ्या पायाला जळू लागलीय, ती नेतेय बघ. तीही न विचारता."

ओवीनं किंचाळून पाय झटकला, आणि राईत मोठ्यानं ओरडायचं नसतं हे त्या दिवशी शेवंताबाईंना आठवलं नाही.

पोर बरी झाली असं म्हणायची सोय नव्हती. चार दिवस बरे जात, पाचव्या दिवशी ती भिंतीकडं तोंड करून पडे. जेवण कधी पोटात जाई, कधी कुत्र्याला. पण आज कसं वाटतंय असं विचारलं की ती आता उत्तर देई. कधी म्हणे, वाईट. शेवंताबाई ते वाईट मुकाट ऐकून घ्यायला शिकत होत्या, त्या वयात.

कार्तिकात एका शनिवारी मंगेश आला. आधी गाडी वळवली. मग ओट्यावर येऊन वाकला.

"पोरीला न्यायला आलोय," तो म्हणाला. "परीक्षा चार महिन्यांवर आलीय. आता मी घरीच आहे, लक्ष ठेवीन. बागेत रोज नेईन, नाव लावून ठेवलंय." खिशातून त्यानं काडेपेटीएवढी डबी काढली. "नवीन घेतलाय. या वेळी तिच्याच हातावर शिकेल. म्हणजे तिला खरंच कसं वाटतंय ते आपल्याला कळेल."

ओवी दारात येऊन उभी होती. बापानं तिच्याकडं बघून हात हलवला आणि डबी उघडायला घेतली.

शेवंताबाईंनी सुपातली नाचणी बाजूला ठेवली. एरवी त्यांचा आवाज शेजारणीपर्यंत जाई. या वेळी तो ओट्याबाहेर गेला नाही.

"मिट ती डबी. तू लबाड असतास ना मंगेशा, तर चार शिव्या घालून मी मोकळी झाले असते. तू लबाड नायस. पोर तुझ्यासमोर ताट टाकून उठत होती आणि तू आकडा बघत होतास. माझ्या कानात ती रडली आणि मी आकडा बघत होते. देवीला दुसऱ्याच्या वाटची फेरी चालते, ती माय आहे, समजून घेते. झाडाला असला वशिला चालत नाय. ज्याचा श्वास त्यालाच लागू. माझी चूक मी दवाखान्यात चार माणसांत कबूल केली. तुझी अजून त्या डबीत आहे. तर ऐक. ओवी कुठं जायची नाय, परीक्षा पुढल्या साली देईल. तूही जायचा नायस. नोकरीनं तुला घरी बसवलंय ना, मग हे तुझं घर आहे. ती पोरगी तिथं उभी आहे. तिला विचार, कसं वाटतंय. ती सांगेल ते खरं मान, आणि वाईट सांगितलं तर उठून जाऊ नकोस. पण ते मागनं. आधी खाली उतर आणि त्या गाडीचं तोंड फिरव."